कडुनिंबाखालची हेराल्ड

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, श्री. नीळकंठ गोविंद पांढरीपांडे, राहणार इंद्रपुरी, भोपाळ, हे सेवानिवृत्त असून त्यांचा बांधा मध्यम, वर्ण गव्हाळ, केस विरळ व स्वभाव सावध आहे. ओळखीची खूण म्हणून डोक्याची मागील बाजू पाहावी. ती अनेक चित्रपटांतून व मालिकांतून झळकलेली आहे. पुढील बाजू कोठेही झळकलेली नाही. सदर इसमाच्या मालकीची स्टँडर्ड हेराल्ड बनावटीची एक मोटार असून तिचा रंग सायीचा व टप शेवाळी आहे. सदर वाहन पूर्णपणे मूळ स्थितीत आहे, खरेदीपासून एकाच हातात आहे, चित्रीकरणासाठी भाड्याने मिळते आणि आजतागायत मालकाच्या नजरेआड झालेले नाही.

यातलं शेवटचं वाक्य नीळकंठरावांचं स्वतःचं. भाड्याची बोलणी करायला येणाऱ्या प्रत्येकाला ते हे वाक्य पाण्याच्या पेल्याबरोबरच देत.

संशय हा पांढरीपांडे घराण्यात वडिलोपार्जित आहे. नीळकंठरावांचे वडील नागपूरचे. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली तेव्हा फायलींच्या पेट्यांबरोबर तेही आले आणि तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरात राहिले. राजधानी कधी ना कधी परत नागपूरला जाणार, ही सगळी तात्पुरती सोय आहे, असा त्यांना दाट संशय होता. म्हणून आणलेल्या ट्रंकांपैकी एक त्यांनी शेवटपर्यंत उघडलीच नाही. ते गेल्यावर उघडली तेव्हा तीत गरम कपडे निघाले. भोपाळच्या थंडीत माणूस जन्मभर कुडकुडत राहिला, पण फसला नाही.

मुलगा विजेची अवजड यंत्रं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात लागला. शहराच्या या बाजूला 'कारखाना' म्हटलं की कोणता, ते कोणी विचारत नाही. नीळकंठरावांना तिथे तपासणी विभाग मिळाला, हा नियतीचा दुर्मीळ अचूक निर्णय म्हणायचा. समोरच्याने केलेलं काम चुकलेलं आहे असं धरून चालायचं आणि चूक सापडेपर्यंत मोजत राहायचं, याचाच तिथे पगार मिळे. माल निर्दोष निघाला की नीळकंठरावांचा दिवस वाईट जाई. आपल्याला काहीतरी सापडलेलं नाही, असं त्यांना वाटत राही.

हेराल्ड त्यांनी घेतली ती कारखान्यातल्याच एका मद्रासी साहेबाकडून. साहेब गावी परत निघाले होते आणि गाडी स्वस्तात देत होते. स्वस्तात देतात म्हणजे काहीतरी आहे, या विचाराने नीळकंठरावांनी व्यवहार ठरायच्या आधीच इंजिन उतरवलं आणि व्हरांड्यात वर्तमानपत्रांवर मांडलं. कमलिनीबाई तेव्हा लग्न होऊन नुकत्या आल्या होत्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका पिस्टन चुकवत आत गेल्या. दोष काही सापडला नाही. नीळकंठरावांनी नाइलाजाने गाडी घेतली, आणि मग मात्र असे गुंतले की मुलाचा पहिला दात कधी आला ते त्यांना सांगता येत नाही, पण पहिला ओरखडा कधी आणि कोणाच्या सायकलीने पडला ते सांगता येतं.

एकच दोष पुढे उपजला. डावीकडच्या पुढच्या दाराची काच वर गेलेली खाली येईना. दाराचं आतलं पॅनेल उघडलं की अर्ध्या तासाचं काम. पण मेकॅनिकने दार उघडायचं म्हणजे आतला अस्सल सांधा काढून नकली बसवायला त्याला मोकळं रान, असं नीळकंठरावांचं मत. स्वतः उघडावं, तर मद्रासच्या कारखान्यातून बंद होऊन आलेलं दार 'मूळ स्थितीत' राहणार नाही. त्यामुळे डावीकडे बसणाऱ्या कमलिनीबाई सगळे उन्हाळे बंद काचेमागे बसून भोपाळ पाहत आल्या.

"म्युझियममधल्या वस्तूसारखं वाटतं," त्या एकदा म्हणाल्या.

"अगं, बाहेरची धूळ येत नाही," नीळकंठराव म्हणाले.

"हो ना. आतलीच पुरते."

निवृत्तीनंतर भोपाळात सिनेमावाल्यांची वर्दळ वाढली. जुन्या शहरातल्या गल्ल्या, तलाव, बंगले, सगळं त्यांना आवडू लागलं. जुन्या काळातली गोष्ट असली की जुनी गाडी लागे. पुण्याला नोकरी करणाऱ्या समीरने, म्हणजे मुलाने, बाबांना न विचारता गाडीचा फोटो कुठेतरी इंटरनेटवर टाकला आणि फोन यायला लागले. समीरने हे का केलं असावं, यावर नीळकंठरावांनी बराच विचार केला. त्याला गाडी विकायची असावी, असा निष्कर्ष निघाला. पण गाडी फाटकाबाहेर काढून लोकांसमोर उभी करण्याचा मोह त्या संशयाहून मोठा ठरला.

अटी मात्र कडक. गाडीत सिगरेट नको, चहा नको, जरीचे कपडे नकोत, कारण जर सीटला घासते. आणि गाडी नीळकंठरावांखेरीज कोणी चालवायची नाही. ही अट ऐकून दिग्दर्शक डोक्याला हात लावत, पण हेराल्ड दुसरीकडे कुठे मिळणार? तेव्हा प्रसंगात एक ड्रायव्हर घुसडला जाई. अशा रीतीने नीळकंठरावांच्या टाळूने मंत्र्याची, स्मगलरची, नबाबाची आणि एका बाळंतिणीची गाडी हाकली. कधी टोपी घालून, कधी टोपाचे केस लावून. घरी टीव्हीवर ते दृश्य आलं की नीळकंठराव गाडीकडे बघत आणि कमलिनीबाई त्यांच्याकडे.

"मागून बरे दिसता," त्या म्हणत.

आणि एक रिवाज होता तो रोटरचा. जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली रोटर नावाचा एक बेकलाइटचा तुकडा असतो, आवळ्याएवढा. तो काढून घेतला की चावी कितीही फिरवा, स्टार्टर नुसता कण्हतो, इंजिन काही पेट घेत नाही. पूर्वी गाडी चोरीला जाऊ नये म्हणून खबरदार माणसं तो काढून खिशात ठेवत. ती माणसं गेली, त्या गाड्या गेल्या, नीळकंठराव राहिले. पाच मिनिटं लघवीला जायचं असलं तरी ते हेराल्डचं अख्खं नाक पुढे उलटं करत (या गाडीचं बॉनेट मगरीच्या जबड्यासारखं सगळंच्या सगळं उघडतं), रोटर काढत, सदऱ्याच्या खिशात टाकत आणि मग जात. युनिटमधली पोरं याला 'काकांचा कलेजा' म्हणत. "काका, कलेजा घेतला का?" "घेतला." मग सगळे हसत. हसतात म्हणजे काहीतरी आहे, असं नीळकंठरावांना वाटे.

तर गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर अंबरीश नावाचा मुलगा आला. मूळचा इंदूरचा मराठी. एका वेब सिरीजच्या गाड्यांचं सगळं तो बघत होता. बोलायला गोड, पाया वगैरे पडला. नीळकंठरावांनी पाय मागे घेतले.

"काका, गाडी चार-पाच सीनमध्ये आहे. क्लोजअप सगळे तुमच्या गाडीचे. बस लास्टचा एक शॉट आहे, गाडी खाणीच्या पाण्यात जाते."

नीळकंठरावांनी त्याच्यासमोरचा लाडू आपल्याकडे ओढला.

"अरे तुमची नाही, काका," अंबरीश घाईने म्हणाला. "त्याच्यासाठी दुसरी घेतली आहे ना. इटारसीच्या भंगारवाल्याकडून. हेराल्डच आहे. सेम टू सेम पेंट करून घेतो. तुमच्या गाडीला पाण्याचा थेंब पण लागणार नाही, पक्का वादा."

तो गेल्यावर नीळकंठराव येरझारा घालू लागले. कमलिनीबाई मेथी निवडत होत्या.

"दुसरी हेराल्ड मिळालीय म्हणे," ते म्हणाले. "मग माझी कशाला हवी?"

"ती भंगार आहे. तुमची चांगली आहे."

"तेच. आणि ती रंगवून हुबेहूब माझ्यासारखी करणार. आता हुबेहूब दुसरी वस्तू माणूस कशाला करतो? सराफाच्या दुकानात नकली बांगडी कशाला आणतात?"

"म्हणजे हे लोक तुमची गाडी बदलणार?"

"मी काही म्हटलं नाही. तू म्हणालीस."

"अहो, नका देऊ मग."

पण नको म्हणायचं म्हणजे डाव उघड व्हायच्या आधीच उठून जाणं. कारखान्यात त्यांनी कधी माल न तपासता परत पाठवला नव्हता. त्यांनी होकार दिला. मात्र त्या दिवशी कमलिनीबाईंनीही बरोबर यायचं ठरलं. एक म्हणजे युनिटचं जेवण नीळकंठराव खात नसत. आणि दुसरं, दोन डोळ्यांपेक्षा चार बरे.

खाण मंडीदीपच्या पलीकडे होती. दगड काढून काढून सोडून दिलेली, आता हिरव्या काळपट पाण्याने भरलेली. एका अंगाला पडकी क्रशरची शेड, दुसऱ्या अंगाला एकुलता एक कडुनिंब. युनिटने आपल्या सोयीसाठी साधी व्यवस्था लावली होती. काकांची गाडी कडुनिंबाखाली सावलीत, शेजारी काकांची खुर्ची. इटारसीहून आणलेला खटारा क्रशरच्या शेडमागे उन्हात, निळ्या ताडपत्रीखाली. दोन्ही गाड्यांना गोष्टीतली एकच खोटी नंबरप्लेट लावलेली. स्वतःच्या खऱ्या प्लेटा नीळकंठरावांनी काढून डब्याच्या पिशवीत ठेवल्या होत्या.

सकाळी ताडपत्री वर करून त्यांनी खटारा तपासला. रंग तोच. टप तोच. ते चालेल. पण सायकलीचा तो ओरखडासुद्धा तिथेच, तेवढाच. डाव्या दिव्याखालचा पोचा, फाटकाला लागून पडलेला, तोही ठोकून हुबेहूब पाडलेला. काचेवरचा गणपती अर्धवट निघालेला होता, तो यांच्याही काचेवर तसाच अर्धवट होता. सीटचं रेक्झिनही त्याच जातीचं.

"कसं वाटलं, काका?" अंबरीश अभिमानाने म्हणाला. "आर्टवाल्यांनी तुमच्या गाडीचे फोटो मोठे करून करून काम केलं."

"ओरखडे कशाला केले?"

"कंटिन्युइटी, काका. एका शॉटमध्ये ओरखडा आहे आणि दुसऱ्यात नाही, तर लोक पकडतात."

लोक इतके संशयी असतात यावर नीळकंठरावांचा विश्वास बसेना.

सकाळचे क्लोजअप झाले. नीळकंठरावांच्या टाळूने एका बेइमान ठेकेदाराची गाडी खाणीच्या कडेपर्यंत आणली आणि थांबवली. पाण्यात जायचा शॉट संध्याकाळी, उन्हं कलल्यावर, असं अंबरीशने सांगितलं. मग जेवणाची सुट्टी झाली आणि सगळं युनिट टेकाडाखालच्या तंबूकडे निघून गेलं. कॅमेऱ्यावरचा माणूससुद्धा छत्री कॅमेऱ्यावर ठेवून गेला. माळावर कोणी नाही. कमलिनीबाईंनी डबा उघडला.

नीळकंठरावांनी घास घेतला नाही. इतके सगळे लोक एकाच वेळी जेवायला जातात, हे त्यांना पटेना.

ते विचार करत होते, आणि विचाराला तपासणी खात्याची शिस्त होती. बदलाबदली करायची तर हे लोक कधी करतील? जेवणानंतरच्या गडबडीत. कुठून उचलतील? कडुनिंबाखालून, कारण अस्सल गाडी कडुनिंबाखाली असते हे सगळ्या युनिटला माहीत आहे. म्हणजे अस्सल गाडी कडुनिंबाखाली नसली, की चोर आपलाच खटारा चोरून मुंबईला घेऊन जाणार. आणि जिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही अशी जागा इथे एकच आहे.

ते उठले.

"आता कुठे?" कमलिनीबाई म्हणाल्या.

"बंदोबस्ताला."

त्यांनी हेराल्ड सुरू केली, शेडमागे नेली, ताडपत्री ओढली आणि खटारा बाहेर काढला. खटाऱ्याची चावी त्याच्यातच लटकत होती. भंगार कोण नेणार? त्यांनी आपली गाडी ताडपत्रीखाली सरकवली. चावीही बदलायला हवी, नाहीतर लक्षात येईल, म्हणून खटाऱ्याची चावी आपल्या गाडीला आणि आपली खटाऱ्याला लावून पाहिली. दोन्ही फिरल्या. जुनी झिजलेली कुलपं कशानेही फिरतात हे त्यांना माहीत होतं, तरी त्या क्षणी हा कटाचा भक्कम पुरावा वाटला. मग त्यांनी नाक उलटं केलं, कलेजा काढला, खिशात टाकला. ताडपत्रीचे काठ दगडांनी होते तसे दाबले. खटारा कडुनिंबाखाली आणून अगदी त्याच चाकोरीत उभा केला आणि खुर्चीवर येऊन बसले. कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांत न दिसलेलं समाधान.

कमलिनीबाईंनी खटाऱ्याकडे पाहिलं, शेडकडे पाहिलं.

"आपली गाडी उन्हात ठेवलीत?"

"हळू बोल. ही आपली गाडी."

"ही?"

"आज संध्याकाळपर्यंत ही आपली. शॉटच्या आधी परत बदलतो. हे बघ, इथे आता काहीही झालं, कोणी काहीही विचारलं, तरी तू एक शब्द बोलायचा नाहीस. काहीही झालं तरी. कळलं?"

"मला काय, मी कधी बोलते?" कमलिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या पुढ्यात पोळी ठेवली. आता ते जेवले. दोनदा भाजी मागून घेतली.

युनिट परतलं तेव्हा पश्चिमेला ढग चढले होते. दिग्दर्शक आभाळाकडे बघून कोणावर तरी ओरडला. संध्याकाळपर्यंत ऊन राहणार नाही, पाण्यात जायचा शॉट आत्ताच घ्यायचा, असं ठरलं. पण हे ठरलं ते कॅमेऱ्यापाशी. कडुनिंबाखाली फक्त धावपळ दिसत होती, आणि नीळकंठराव ती वाचत होते. गडबड सुरू झाली. अंदाज बरोबर निघाला. ते खटाऱ्याला टेकून, हाताची घडी घालून, दुरूनही ठसठशीत दिसतील असे पहाऱ्याला उभे राहिले.

अंबरीश धावत आला. एका हातात वॉकीटॉकी. त्याला या कामात एकच धास्ती होती, की दोन सारख्या गाड्यांत घोळ होऊन काकांच्या गाडीला काही व्हायला नको. म्हणून शॉटआधी स्वतः खात्री करायची असं त्याने सकाळीच ठरवलं होतं. त्याने खटाऱ्याच्या टपावर प्रेमाने थाप मारली.

"काका, ही आपलीच ना?"

नीळकंठरावांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. हे का विचारतोय? ज्याला ठाऊक आहे तो विचारत नाही, आणि ज्याला बदलायची आहे तो आधी खात्री करून घेतो. पोरगा पाताळयंत्री आहे.

"आपलीच," ते ठामपणे म्हणाले. "दुसऱ्या कोणाची असणार?"

"शंभर टक्के?"

"अरे, मी उभा आहे ना इथे. मी दुसऱ्याच्या गाडीला कशाला टेकू?"

हे मात्र अंबरीशला पटलं. त्याने काकूंकडेही एकवार पाहिलं. कमलिनीबाईंनी तोंड उघडलं. नीळकंठरावांनी डोळे मोठे केले. कमलिनीबाईंनी तोंड मिटलं आणि डब्याची झाकणं लावायला घेतली.

"काकांची गाडी सेफ आहे, पेड के नीचे, काका खुद खडे हैं," अंबरीश वॉकीटॉकीत म्हणाला. "चलो, दुसरीवाली निकालो." आणि पळत गेला.

पुढचं सगळं नीळकंठरावांनी कानाने ऐकलं, कारण मध्ये शेड होती. ताडपत्री ओढल्याचा सरसर आवाज. दार उघडून बंद झालं. मग स्टार्टर कण्हला. पुन्हा कण्हला. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता, घरच्या माणसाच्या खोकल्यासारखा. त्यांना आनंदच झाला. चोर सापडले. आपली हुशारी ओळखून शेडमागेही पोहोचले बेटे, पण गाडी चालू होत नाहीये. त्यांनी खिशावर हात ठेवला. कलेजा जागेवर होता.

"ऐकलंस?" ते पुटपुटले. "आता फिरव म्हणावं चावी जन्मभर."

कमलिनीबाई बोलल्या नाहीत. बोलायचं नाही असं ठरलं होतं.

शेडमागून कोणीतरी म्हणालं, "खटारा है, साला कल तक तो चल रहा था." दुसरं कोणी म्हणालं, "छोड, टाइम नहीं है, धक्का मारो." मग पुष्कळ गळे एकत्र, जोर लावताना माणसं काढतात तो आवाज.

ढकलून नेतायत. याचा मात्र नीळकंठरावांनी विचार केला नव्हता. आता त्यांना रंगेहाथ पकडण्याशिवाय इलाज नव्हता. चप्पल पायात सरकवून ते निघाले, आधी भरभर चालत आणि मग, गुडघ्यांना न विचारता, धावत. शेडला वळसा घालून ते उतारावर आले तेव्हा पोरं बाजूला होत होती आणि हेराल्ड एकटीच, कोणाच्याही हाताशिवाय, खाणीच्या कडेकडे चालली होती. उन्हाची तिरीप नेमकी तिच्या मागच्या काचेवर होती. त्यांनी हात वर केला. पुढची चाकं सुटली, नाक खाली गेलं, सायीचा रंग हिरव्या पाण्यात उतरला. बराच वेळ तिचं मागचं बूड वर राहिलं. मग बुडबुडे आले.

"कट," दिग्दर्शक म्हणाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अंबरीशला ते वर दिसले, हात वर केलेले. तो हसत आला. "काका, तुम्ही पण टाळ्या वाजवायला आलात. कसा झाला शॉट?"

नीळकंठरावांनी हात खाली घेतला. आता बोलायचं म्हणजे काय बोलायचं? की कडुनिंबाखालची गाडी माझी नव्हे? मग शंभर टक्के कोण म्हणालं? तिथे टेकून कोण उभं होतं? ताडपत्री कोणी ओढली, दगड कोणी ठेवले? कारखान्यात एवढ्या वर्षांत त्यांनी अनेकांच्या चुका पकडल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी एकच वाक्य लिहिलं होतं: दोष मनुष्यकृत. तो मनुष्य कसा उभा राहत असेल, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"ठीक आहे," ते म्हणाले.

"स्टंटवाला म्हणत होता, भंगारच्या हिशेबाने सीट एकदम मस्त होती."

नीळकंठरावांनी मान हलवली. स्तुती योग्य ठिकाणी पोहोचली होती.

पाणी खोल होतं. वर काढायचं बघू नंतर, असं कोणीतरी म्हणालं. नंतर क्रेनवाला येऊन पाहून गेला आणि त्याने हात वर केले. इकडे अंबरीशने स्वतः वाकून, पिशवीतल्या खऱ्या नंबरप्लेटा कडुनिंबाखालच्या गाडीला लावून दिल्या. एक स्क्रू बसेना, तर त्याने आपला लावला. "घ्या काका, तुमची अमानत. म्हटलं होतं ना, थेंब लागणार नाही. उगाच शक करता लोकांवर."

परतीच्या वाटेवर नीळकंठराव गाडी चालवत होते आणि समोर बघत होते. गिअर जरा घट्ट होता, बाकी गाडी सुरळीत होती. हेही त्यांना संशयास्पद वाटलं असतं, एरवी. बाग सेवनियाच्या अलीकडे सिग्नलला गाडी थांबली तेव्हा कमलिनीबाईंनी, काहीच न सुचून, दाराचं हँडल फिरवलं. काच सरसर खाली गेली. होशंगाबाद रोडवरचा वारा, धूर, भज्यांचा वास, सगळं एकदम आत आलं. त्यांनी काच वर केली, पुन्हा खाली केली. मग खालीच ठेवली आणि कोपर बाहेर टेकवलं.

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलली नाही. मागचे हॉर्न वाजवू लागले.

"तू बघितलंस सगळं," नीळकंठराव म्हणाले.

"हो."

"शॉट आत्ताच आहे, हेही?"

"तो दिग्दर्शक ओरडत होता ना. मला ऐकू आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, काहीही झालं तरी." कमलिनीबाईंनी केस सारखे केले. "मला वाटलं, ठरवूनच केलं असेल. तुमचे बंदोबस्त मला कुठे कळतात?"

नीळकंठरावांनी गाडी पुढे घेतली. त्या खरं बोलत होत्या की नाही, याचा निकाल त्यांना त्या दिवशी लागला नाही, आणि अजूनही लागलेला नाही. हा एवढा एक संशय त्यांनी तपासायला घेतलेला नाही.

त्यानंतर इंद्रपुरीत लोकांना नीळकंठरावांमध्ये फरक दिसू लागला. शूटिंगवाले आले की ते चावी सरळ हातात देत. अटी नाहीत. एका नटीने गाडी स्वतः चालवली, आणि कोणीतरी मागच्या सीटवर कचोरी खाल्ली तरी नीळकंठराव घरी बसून पेपर वाचत होते. नाक उलटं करणं बंद झालं. शेजारच्या वैजयंतीबाईंना हे बरं लक्षण वाटेना. "काकांना डॉक्टरला दाखवलं का?" त्यांनी कमलिनीबाईंना हळूच विचारलं. "माणूस असा एकदम विश्वास ठेवायला लागला की काहीतरी असतं."

"वय झालं," कमलिनीबाई म्हणाल्या. त्या आता गाडीतून भाजीला जातात. काच खाली असते.

रोटर अजून खिशात असतो. सदरा बदलला की या खिशातून त्या खिशात जातो. धुवायला टाकण्याआधी कमलिनीबाई तो काढून देव्हाऱ्याशेजारी ठेवतात आणि सकाळी तो तिथून आपोआप नाहीसा होतो. यावर घरात बोलणं होत नाही.

सिरीज आली. तो शॉट डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपतो. नीळकंठराव त्या वेळी पाणी प्यायला उठले. कमलिनीबाईंनी पूर्ण पाहिला. "मागून बरी दिसली," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचा भाग लावला नाही.

या हिवाळ्यात जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींनी तलावाकाठी गाड्यांचं प्रदर्शन भरवलं. हेराल्डभोवती गर्दी होती. एका परीक्षकाने ओरखड्यावरून बोट फिरवून हा ओरखडा अस्सल जुना आहे, असा निर्वाळा दिला. मग लाउडस्पीकरवरून वाचून दाखवण्यात आलं की, सदर वाहन पूर्णपणे मूळ स्थितीत असून खरेदीपासून एकाच हातात आहे, आणि आजतागायत मालकाच्या नजरेआड झालेले नाही. नीळकंठराव पुढे झाले. कोणीतरी हार घातला, फोटो काढला. पहिल्यांदाच समोरून.

ती गाडी मंडीदीपच्या पलीकडे, खाणीत, पाण्याखाली आहे.